चार हजार निट्स आणि पांढरा सदरा

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन झकास दिसतात. तिथला उजेड फार तर पाचशे ते हजार लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). तोच फोन घेऊन भर दुपारी रानात उभं राहिलं की उजेड एक लाख लक्सच्या घरात जातो आणि ई-पीक पाहणीच्या ॲपमधला गट क्रमांक वाचायला तळहाताचा आडोसा धरावा लागतो. २०२१पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः शेतात जाऊन फोटोसह करायची आहे. उन्हात पडदा वाचता येणं ही आता हौस राहिली नाही, ते काम आहे. तरी मोबाइलच्या दुकानात विचारलं जातं ते किती मेगापिक्सेल आणि किती हर्ट्झ (सेकंदाला पडदा किती वेळा ताजा होतो) एवढंच.

आधी निट्सचा घोळ. पडद्याची चमक निट्समध्ये मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कॅन्डेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक). खोक्यावर ठळक छापलेले तीन हजार किंवा साडेचार हजार निट्स बहुतेक वेळा 'पीक' आकडा असतो. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारा) व्हिडिओ चालू असताना पडद्याचा अगदी छोटा तुकडा, कधी कधी जेमतेम एक टक्का भाग, काही क्षण तेवढा उजळतो. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो. थोडे बिंदू पेटलेले असले की प्रत्येकाला भरपूर वीज मिळते. सगळा पडदा पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवाक्यात ठेवण्यासाठी फोन स्वतःच चमक उतरवतो. ॲपचा फॉर्म, पीडीएफ, व्हॉट्सॲपचं पांढरं पान हे सगळं जवळजवळ पूर्ण पांढऱ्या पडद्याचं काम. म्हणून दुकानदाराला विचारायचा आकडा 'पीक'चा नाही, 'हाय ब्राइटनेस मोड'चा (कडक उन्हात फोन देतो त्या वाढीव चमकेचा), आणि तोही पूर्ण पांढऱ्या पडद्यावरचा. तो हजाराच्या पुढे असेल तर रानात निभावतं. पाचशेच्या आत असेल तर आडोसा ठरलेला.

आणखी एक गोम आहे. बऱ्याच फोनमध्ये ही वाढीव चमक हातानं सरकपट्टी ओढून मिळतच नाही. पट्टी शेवटपर्यंत नेली तरी पडदा पाचशे-सहाशेवर थांबतो. ऑटो ब्राइटनेस चालू असेल आणि सेन्सरला कडक ऊन दिसलं, तरच पुढचा टप्पा सुरू होतो. बॅटरी वाचवायची म्हणून ऑटो कायमचं बंद ठेवणाऱ्यानं महागाच्या पडद्याची निम्मी ताकद खिशातच ठेवलेली असते. सेन्सर बहुधा कानाजवळच्या स्पीकरच्या आसपास असतो. तिथे टेम्पर्ड ग्लासची काळी कड किंवा आडोशाचा हात आला की फोन सावलीत असल्याचं धरून चालतो.

पण उन्हात वाचता येणं-न येणं एकट्या चमकेवर ठरत नाही. काच आणि हवा जिथे भेटतात तिथून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. फोनच्या आतल्या थरांचं थोडं धरलं तर साडेचार. आकडा लहान वाटतो, पण तो कशाचा साडेचार टक्के ते बघा. फोन समोर धरला की काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं, आणि इकडे मराठवाड्यातल्या रानात ते बहुतेकदा पांढऱ्या सदऱ्याचं असतं. समजा सदऱ्यावर ५०,००० लक्स ऊन पडलं आहे आणि कापड त्यातला ८० टक्के उजेड परतवतं. उजेडाला परतावा गुणून पाय या गणिती स्थिरांकानं (३.१४) भागलं की सदऱ्याची चमक येते सुमारे १२,७०० निट्स. तिचे साडेचार टक्के म्हणजे जवळजवळ ५७० निट्स. पडद्यावरचं काळं अक्षर आता काळं उरत नाही, त्यावर ५७० निट्सचा पांढुरका थर बसतो. तोच थर पांढऱ्या भागावरही बसतो. पडदा ६०० निट्सचा असेल तर पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर होतं ११७० भागिले ५७०, म्हणजे दोनाच्या जरासं वर. वेबपानांवरचा मजकूर नीट वाचता यावा म्हणून सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हे गुणोत्तर किमान ४.५ सांगितलं आहे.

दुप्पट चमकेचा, १२०० निट्सचा फोन घेतला तर गुणोत्तर ३.१ पर्यंत चढतं. आणि जुनाच ६०० निट्सचा फोन ठेवून सदरा गडद निळा घातला तर? गडद कापड १० टक्केच उजेड परतवतं असं धरलं, तर प्रतिबिंब उरतं ७२ निट्सचं आणि गुणोत्तर जातं नवाच्या पुढे. सदरा बदलणं नव्या फोनपेक्षा स्वस्त. तेही नको असेल तर ऊन समोरून छातीवर घेण्याऐवजी पाठीवर घ्यावं. अंगाची पुढची बाजू सावलीत येते आणि पडद्यात तिचंच प्रतिबिंब पडतं. फक्त फोन इतका आडवा धरू नये की काचेत वरचं आभाळ दिसेल. ढगाळ पावसाळी दिवसात आभाळच सगळीकडून पांढरं असतं, तेव्हा काळी छत्री उघडून तिच्याखाली फोन धरणं सगळ्यात सोपं.

आता टेम्पर्ड ग्लास. मोंढ्याजवळच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत जी काच लावून मिळते, तिच्यात दोन जाती आहेत. एकीला पूर्ण पृष्ठभागावर डिंक असतो, दुसरीला फक्त कडेनं. कडेच्या डिंकाच्या काचेत मधे हवेची पातळ फट राहते. फट म्हणजे हवा-काचेच्या आणखी दोन सीमा, आणि प्रत्येक सीमेवर आणखी चार टक्के परतावा. एकूण परतावा साडेचारावरून बारा टक्क्यांच्या आसपास जातो. वरच्याच पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब आता दीड हजार निट्सचं होतं, आणि ६०० निट्सच्या पडद्याचं गुणोत्तर १.४ वर येतं. अक्षर दिसलंच तर अंदाजानं. १२०० निट्सचा महागडा फोनसुद्धा इथे १.८ वर अडकतो. काच लावून घेताना 'फुल ग्लू' असल्याची खात्री करावी. लावलेली काच ओळखायची तर पडदा बंद करून तिरका धरावा आणि त्यात खिडकीचं किंवा बल्बचं प्रतिबिंब बघावं. एकाशेजारी एक सरकलेली दोन-तीन ठसठशीत प्रतिबिंबं दिसली की फट आहे. मॅट काच प्रतिबिंब पसरवते, त्यामुळे चेहरा दिसत नाही. पण पांढुरका थर राहतोच आणि अक्षरांवर बारीक रवाळ चमचम येते. प्रायव्हसी ग्लास तर पडद्याचाच उजेड खाते. रानात काम असणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

उन्हाळ्यात दुसरीच पंचाईत. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. फोन कंपन्या वापरासाठी हवेच्या तापमानाची मर्यादा त्याखाली ठेवतात. ॲपलनं आयफोनसाठी ती शून्य ते ३५ अंश दिलेली आहे. पडदा पूर्ण तेजानं पेटलेला, वर ऊन, जोडीला जीपीएस आणि कॅमेरा चालू, अशात फोन तापतो आणि जिवावर बेतू नये म्हणून सगळ्यात आधी चमक कमी करतो. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच पडदा मंद. बिघाड नाही, तो बचाव आहे. जाड रबरी कव्हर काढलं आणि दोन फोटोंच्या मधे फोन सावलीत ठेवला तर हा टप्पा लांबतो. दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात लावलेला फोन मात्र वाऱ्यावर असूनही तापतो, कारण वारा स्वतःच ४२ अंशांचा असतो.

किती वेळात चमक उतरते ते घरी मोजता येतं. दुसऱ्या एखाद्या फोनवर लक्समीटरचं मोफत ॲप घ्या. त्याचा उजेडाचा सेन्सर पडद्याखाली नसून वरच्या पट्टीत बाहेर असला तर बरं. तपासायच्या फोनवर पूर्ण पांढरं चित्र लावा, चमक कमाल करा आणि सेन्सर पडद्याला टेकवून आकडा लिहून ठेवा. पाच मिनिटांनी पुन्हा, दहा मिनिटांनी पुन्हा. मग पांढऱ्याऐवजी काळ्या पडद्यावर मधे छोटा पांढरा चौकोन लावून मोजा. ओएलईडीत हा आकडा आधीपेक्षा वर जाऊ शकतो, तोच जाहिरातीच्या आकड्याचा रस्ता. लक्स म्हणजे निट्स नव्हेत आणि फोनचा सेन्सर अचूकही नसतो, म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे, छापील आकड्याशी नाही.

रेखीवपणाची कसोटी सातबाऱ्याच्या पीडीएफवर घ्यावी. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिटापर्यंतचा (कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा ओळखतो. ३० सेंटिमीटरवर ते अंतर ०.०९ मिलिमीटरच्या आतबाहेर येतं, म्हणजे इंचाला सुमारे २९० बिंदू. ६.७ इंचाच्या ७२० गुणिले १६०० पडद्यावर इंचाला २६२ बिंदू बसतात, १०८० गुणिले २४०० वर ३९३. पहिला या रेषेच्या खाली, दुसरा वर. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, पडदा ७० मिलिमीटर. पान रुंदीत बसवलं की अक्षर तिपटीनं लहान होतं. एक मिलिमीटर उंचीच्या अक्षराला स्वस्त पडद्यावर दहाच बिंदू मिळतात. इंग्रजी अक्षर त्यात भागवून नेतं. देवनागरीत शिरोरेघ, मात्रा, रफार आणि खालचा उकार यांची जागा वजा केली की 'भ' आणि 'म'मधला फरक दाखवायला एखाद-दोन बिंदू उरतात. 'घ' आणि 'ध'चंही तेच. त्यात ओएलईडीत बहुधा प्रत्येक बिंदूला हिरवा दिवा पूर्ण, पण लाल आणि निळे निम्मेच असतात. त्यामुळे काळ्या अक्षरांच्या कडांना हलकी रंगीत झालर येते. दुकानात फोन हातात आला की एखादा सातबारा उघडून न वाढवता खातेदाराचं नाव वाचून बघा.

रंगांच्या बाबतीत नव्या फोनचं मूळ सेटिंग अनेकदा भडक असतं, कारण भडक रंग काउंटरवर विकले जातात. सेटिंगमध्ये 'नॅचरल' किंवा 'स्टँडर्ड' असा पर्याय असतो, तो निवडला की पडदा एसआरजीबी या प्रमाण रंगमानाच्या जवळ येतो. पैठणच्या विणकराकडून व्हॉट्सॲपवर पैठणी पसंत करणाऱ्यानं निदान तेवढ्यापुरता तो निवडावा, शिवाय रात्रीचा पिवळसर मोडही बंद करावा. तरी धूपछाँव वाण फोटोत कधीच खरा उतरणार नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि बघण्याचा कोन बदलला की रंग बदलतो; स्थिर फोटोत एकाच कोनाचा रंग येतो. तिथे फोनला दोष देऊ नये.

रात्रीची तपासणी वेगळी. खोली पूर्ण अंधारी करा, चमक तळाला न्या आणि गडद करडं चित्र लावा. चांगला पडदा सगळीकडे सारखा करडा दिसतो. एका बाजूला हिरवट किंवा गुलाबी झाक, उभे पट्टे, किंवा एलसीडीत (ज्याला मागून दिव्याचा उजेड लागतो त्या पडद्यात) कोपऱ्यातून गळणारा उजेड, हे सगळं याच एका चित्रात उघडं पडतं. त्याच चमकेवर पांढरा पडदा लावून त्यापुढे पेन्सिल झपाझप हलवा. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या सावल्या दिसल्या तर पडदा लुकलुकतो आहे. बऱ्याच ओएलईडी फोनमध्ये चमक कमी करताना दिवे मंद करण्याऐवजी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. २४० वेळाचा लुकलुकाट काहींना डोकेदुखी देतो, काहींना कळतही नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ सालच्या शिफारशीत १२५० हर्ट्झच्या (सेकंदाला १२५० वेळांच्या) वर धोका कमी आणि ३००० च्या वर परिणाम नगण्य मानला आहे. अधिक नेमकं बघायचं तर दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० सेकंदावर ठेवून पडद्याकडे रोखा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले की लुकलुकाट खोल आहे. अंथरुणात पडून तासन्‌तास फोन बघणाऱ्यानं हे आधी तपासावं.

हर्ट्झचं फार कौतुक नको. ६० वरून ९० किंवा १२० वर गेल्याचं बोटानं पान सरकवताना जाणवतं, पुढे बॅटरीच जास्त जाते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, दाखवण्याची सोय असते. फोन १२० चा म्हणून घेतला आणि तिथे ६० च दिसत असेल तर सेटिंग तपासा.

जुना फोन घेताना किंवा पडदा बदलून घेताना मात्र डोळ्यांत तेल घालावं. लाल, हिरवं, निळं आणि मधलं करडं अशी पूर्ण पडद्याची चार चित्रं आधीच गॅलरीत ठेवा आणि एकेक लावा. करड्यावर कीबोर्डची किंवा खालच्या बटणांची पुसट छाया दिसली तर पडद्यावर डाग बसला आहे. निळे दिवे सगळ्यात लवकर थकतात, म्हणून छाया बहुधा पिवळसर असते. ती कुठल्याही ॲपनं जात नाही. वरपासून खालपर्यंत गेलेली केसाएवढी हिरवी रेघ असेल तर तीही दुरुस्त होत नाही, पूर्ण कॉम्बो बदलावा लागतो.

कॉम्बो म्हणजे पडदा, टच आणि काच एकत्र. दुरुस्तीवाल्याकडे त्याचे भाव ओरिजिनल, ओएलईडी आणि इनसेल असे उतरत्या क्रमानं असतात. इनसेल म्हणजे ओएलईडीच्या जागी बसवलेला एलसीडी. काळं चित्र लावून अंधारात बघितलं की तो करडा उजळलेला दिसतो, खऱ्या ओएलईडीत काळा भाग विझलेला असतो. पडद्याच्या कडाही जाड होतात. आणि ज्या फोनमध्ये बोटाचा ठसा पडद्याखालच्या ऑप्टिकल सेन्सरवर घेतला जातो, तिथे तो बंदच पडतो, कारण एलसीडीच्या मागच्या पांढऱ्या थरातून उजेड खाली पोचत नाही. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच बोट नव्यानं नोंदवून, फोन लॉक करून दोन-तीनदा उघडून बघावा, आणि टेम्पर्ड ग्लास त्यानंतरच लावून घ्यावी.