पावडर कोटिंग: किलोचा रेट की स्क्वेअर फुटाचा?

भोसरी असो की सातपूर, पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूवर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजण्याच्या, शेडमध्ये फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "किलोला काय घेता?" किलोचा हिशेब सगळ्यांना येतो. फॅब्रिकेशन किलोवर, गॅल्व्हनायझिंग किलोवर. माल काट्यावर चढवला की बिल तयार.

पण पावडर बसते पृष्ठभागावर, आणि काटा पृष्ठभाग दाखवत नाही. १०० किलो लोखंड घ्या. १ मिमी पत्र्याची पॅनल असतील, तर दोन्ही बाजू मिळून साधारण २७४ स्क्वेअर फूट भरतात. तेच १०० किलो ५ मिमी प्लेटचे असतील, तर जेमतेम ५५. वजन तेच, पावडर पाचपट! ६० मायक्रॉनचा थर आणि १.५ घनता धरली, तर एका किलो पावडरीत कागदावर सुमारे १२० स्क्वेअर फूट होतात. पावडर मारायच्या बूथमध्ये उडालेली आणि माल टांगायच्या हुकांवर बसलेली वजा जाता ८० धरा. म्हणजे पॅनलना जवळपास साडेतीन किलो पावडर, प्लेटला पाऊण किलोही नाही. दोन्हींना एकच किलोचा रेट लावणारा पत्र्याच्या प्रत्येक लॉटमध्ये घरचे पैसे घालतो. ॲल्युमिनियमला तर तो लावूच नये. त्याच जाडीत किलोमागे पृष्ठभाग लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट निघतो.

वजन अगदीच निरुपयोगी नाही. बेकिंगची साधारण १० मिनिटं मोजायची ती धातू स्वतः १८०-२०० अंशांवर पोहोचल्यापासून. जाड प्लेट तापायला वेळ घेते, गॅस खाते. म्हणून माझा आग्रह: मूळ रेट स्क्वेअर फुटाचाच, आणि जड मालाला ओव्हनचे पैसे वेगळे. मास्किंगचे, म्हणजे पावडर नको तिथे झाकण्याचे, पैसे नगावर.

स्क्वेअर फूट मोजतानाही लोक समोरची बाजू तेवढी धरतात, याची मला फार चीड येते. एक इंची चौकोनी पाइपला चार बाजू असतात. तीन फूट लांबीला एक स्क्वेअर फूट होतो. समोरून मोजलंत तर पाव स्क्वेअर फूट. पावडर मात्र चारही बाजूंना मारावी लागते.

पाइपला लांबीवर लावतात तो रनिंग फुटाचा रेट म्हणजे हाच हिशेब आधी करून ठेवलेला. त्यामुळे कोटेशन मागताना वजन नाही कळवलं तरी चालेल; ड्रॉइंग, पत्र्याची जाडी आणि आतली बाजू कोट करायची की नाही, एवढं मात्र नक्की कळवा.