२ मिलिव्होल्टपासून ५० व्होल्टपर्यंत

नाशिकला गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, तेव्हा वक्ता माइकपासून चार बोटे अंतर ठेवून बोलत असतो आणि त्याच्या आवाजाने माइकच्या कॉइलमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब जेमतेम १ ते २ मिलिव्होल्ट असतो. मिक्सर हा दाब सुमारे ६०० पटींनी वाढवून १.२३ व्होल्टवर आणतो. व्यावसायिक ध्वनियंत्रणेत हीच ‘लाइन लेव्हल’ प्रमाण मानली जाते. त्यानंतर पॉवर ॲम्प्लिफायर त्याची आणखी ४० पट वाढ करतो आणि स्पीकरच्या तारांवर जवळजवळ ५० व्होल्ट उभे राहतात. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून सुमारे ३०० वॅट शक्ती मिळते.

ही शक्ती येते कोठून, हे नीट समजले की ॲम्प्लिफायर जोडण्याचे आणि वापरण्याचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. धरणाचे पाणी पाटाने येते आणि पाटकरी दार वर-खाली करून शेतात किती सोडायचे ते ठरवतो. पाणी पाटकऱ्याचे नसते, पण त्याचा हात हलेल तसेच ते वाहते. ॲम्प्लिफायरमध्ये पाणी म्हणजे २३० व्होल्टच्या विजेतून तयार केलेला एकदिश पुरवठा, पाटकऱ्याचा हात म्हणजे मिक्सरकडून आलेला संदेश आणि दार म्हणजे ट्रान्झिस्टर. पुरवठ्यात जेवढे असेल त्यापेक्षा जास्त कोणतेही दार सोडू शकत नाही, आणि दारातून जाताना काही भाग उष्णता होऊन वाया जातोच.

हे दार हाताचे तंतोतंत ऐकावे यासाठीची युक्ती हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून बेल लॅबोरेटरीजमधील आपल्या कामावर जाताना सुचली आणि ती त्याने हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच मांडली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा छोटा अंश परत आणून तो मूळ संदेशातून वजा करायचा, म्हणजे जी चूक झाली असेल ती तत्काळ दुरुस्त होत राहते. यालाच ऋण प्रतिभरण म्हणतात. आजच्या व्यावसायिक ॲम्प्लिफायरमध्ये हे तत्त्व वापरलेले असते आणि त्याचा एक परिणाम प्रत्येक ऑपरेटरने ध्यानात ठेवला पाहिजे. असा ॲम्प्लिफायर आपल्या तारांवरचा दाब हट्टाने कायम राखतो. समोरचा स्पीकर ८ ओहमचा असो वा २ ओहमचा, ठरलेले ५० व्होल्ट तो देऊ पाहतो आणि त्यासाठी लागेल तेवढा प्रवाह पुरवू लागतो.

म्हणून जोडणीचा विचार ओहमच्या हिशेबापासून सुरू करावा. ॲम्प्लिफायरच्या एका चॅनेलवर ८ ओहमचा एकच टॉप, म्हणजे स्पीकरची पेटी, असेल तर ५० व्होल्टला साधारण ६ अँपियर प्रवाह वाहतो. त्याच टॉपच्या मागच्या सॉकेटमधून दुसरा टॉप जोडला की तो समांतर जोडला जातो, म्हणून भार निम्मा, ४ ओहम होतो आणि प्रवाह १२ अँपियरवर जातो. ‘आणखी दोन लावून टाकू’ असे म्हणून चार टॉप जोडले की भार २ ओहम आणि प्रवाह २५ अँपियर होतो. वाढत्या प्रवाहाबरोबर ट्रान्झिस्टरमधील उष्णताही वाढते, म्हणून ॲम्प्लिफायरच्या पाठीवर प्रत्येक चॅनेलसाठी किमान किती ओहम चालतील ते छापलेले असते आणि तो आकडा ओलांडून खाली जाऊ नये. ब्रिज जोडणीत तर आणखी सावध राहावे लागते. तेथे दोन्ही चॅनेल परस्परविरुद्ध दिशेने एकाच स्पीकरला ओढतात, त्यामुळे दाब दुप्पट होतो आणि प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्ष भार निम्माच दिसतो. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनेल २ ओहमवर काम करत असतो. ८ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावला तर तो साधारण ६ ओहम दाखवतो. याचा अर्थ स्पीकर बिघडला असा नाही. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तर स्पीकरवरचा आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण अवरोधाचा असतो आणि तो स्वराबरोबर बदलतो.

५० व्होल्ट आणि ब्रिजवर १०० व्होल्ट ही स्पीकरची साधी वायर म्हणून हाताळण्याजोगी गोष्ट नाही. उघड्या टोकांना ओल्या हाताने स्पर्श झाला तर शॉक बसतो, आणि सुटलेली दोन टोके एकमेकांना टेकली तर ॲम्प्लिफायरची बाहेरची बाजू शॉर्ट होते. स्पीकॉन जोडणीत धातूचा भाग बोटाला लागत नाही आणि ती फिरवून अडकवली की ओढल्याने निघत नाही, म्हणून तिच्यावर चार पैसे जास्त खर्च करणे मला नेहमीच योग्य वाटते. वायरच्या जाडीबाबतही काटकसर नको. ३० मीटर लांबीच्या दीड स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८ ओहम भरतो, आणि ४ ओहमच्या भारावर त्यामुळे स्पीकरपर्यंत पोहोचणारी शक्ती जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. अडीच स्क्वेअर वापरल्यास ही घट २० टक्क्यांवर येते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ॲम्प्लिफायरच स्पीकरजवळ ठेवणे आणि लांबचे अंतर मिक्सरकडून संदेश आणणाऱ्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने कापणे.

आता क्लिपिंगविषयी. स्पीकर जळण्याच्या घटना पाहिल्या तर अनेकींच्या मुळाशी तेच असते, पण त्याबद्दलची समजूत मात्र अनेकदा अर्धवट असते. ॲम्प्लिफायरचा आतला पुरवठा समजा ७५ व्होल्टचा आहे. संदेशाचे शिखर त्याहून उंच जाऊ लागले की पुरवठा संपतो आणि लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. कानाला तेथे चरचरीत, फाटका आवाज ऐकू येतो. भाषणात किंवा गाण्यात शिखरे उंच असली तरी सरासरी शक्ती त्यांच्या तुलनेत फार कमी, ढोबळमानाने पूर्ण शक्तीच्या आठव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, आणि स्पीकरची कॉइल तापते ती या सरासरीने. ऑपरेटरने आवाज आणखी ६ डेसिबलने वाढवला, म्हणजे दाब दुप्पट केला, तर शिखरे कापली जातात. ती पूर्वीएवढीच उंच राहतात. परंतु शिखरांच्या मधला सगळा भाग चौपट शक्तीने वाजू लागतो. कॉइलला थंड व्हायला जी उसंत मिळत होती ती नाहीशी होते. संदेश पूर्ण चौकोनी झाला तर ५०० वॅटचा म्हणून घेतलेला ॲम्प्लिफायर १००० वॅटच्या जवळ देऊ लागतो. शिवाय कापलेल्या कडांमधून मूळ आवाजात नसलेले उंच स्वर जन्माला येतात आणि उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारा क्रॉसओव्हर ते सगळे ट्विटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या लहान स्पीकरकडे पाठवतो, जो अंगाने सर्वांत नाजूक असतो. त्यामुळे ‘लहान ॲम्प्लिफायर आहे, स्पीकरला काय होणार’ हा विचार धोक्याचा आहे. क्लिपचा लाल दिवा तबल्याच्या एखाद्या थापेवर क्षणभर लुकलुकला तर चालते; तो लागून राहिला तर आवाज त्याच क्षणी कमी करावा. ॲम्प्लिफायरमध्ये लिमिटर, म्हणजे संदेश मर्यादेत रोखणारे सर्किट, असेल तर तो बंद ठेवू नये.

ॲम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूची नॉब अर्ध्यावर ठेवली म्हणजे शक्ती अर्धीच बाहेर पडेल, असेही अनेक जण समजतात. ती नॉब फक्त आत येणारा संदेश कमी करते. मिक्सरवरून जास्त संदेश आला तर नॉब अर्ध्यावर असतानाही ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीपर्यंत जातो. योग्य रीत अशी की मिक्सरचे मीटर शून्य डेसिबलच्या आसपास चालेल इतका संदेश आधी ठरवावा आणि मग नॉब शून्यापासून हळूहळू वाढवत पटांगणाला पुरेल तेथे थांबावे. पुरेल म्हणजे किती, याचे गणित कठोर आहे. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटते. मागच्या रांगांपर्यंत आवाज नेण्यासाठी पुढच्या रांगांच्या कानांवर मारा करण्यापेक्षा मध्ये आणखी एक लहान स्पीकर, योग्य विलंब देऊन, उभा करणे केव्हाही बरे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकबंदी आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरचे शांतता क्षेत्र २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, हेही जागा ठरवतानाच पाहून घ्यावे.

वीजपुरवठ्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यातली चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका मंडपात आरती सुरू असताना डाव्या बाजूचे हॅलोजन अचानक पांढरेफटक झाले आणि उजवीकडचे मंदावून तांबूस दिसू लागले. दोन-तीन सेकंदांत जळक्या वार्निशचा वास आला आणि डाव्या बाजूच्या फेजवर असलेले दोन्ही ॲम्प्लिफायर बंद पडले. नंतर जनरेटरच्या पेटीचे झाकण उघडले तेव्हा न्यूट्रलचा पितळी स्क्रू बोटाने फिरत होता आणि त्याखालच्या तारेची टोके काळी पडली होती. न्यूट्रल सुटला की दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्टचा दाब दोन्हींकडच्या उपकरणांवर मिळून वाटला जातो, आणि ज्या बाजूला उपकरणे कमी असतात तिच्या वाट्याला तो जास्त येतो. एकीकडे १००० वॅटचे दिवे आणि दुसरीकडे ३००० वॅटचे असतील, तर कमी दिव्यांच्या बाजूला ३०० व्होल्ट जातात. त्या रात्री हेच घडले होते. तेव्हापासून मी प्लग लावण्यापूर्वी प्रत्येक सॉकेटवर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पहिली दोन २३० च्या आसपास आणि तिसरे शून्याजवळ असावे. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण पेटीत बसवून घ्यावे, आणि पावसात भिजणाऱ्या मंडपात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय एकही यंत्र सुरू करू नये.

स्पीकरमधून घूंऽऽ असा हम येऊ लागला की ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा ‘इलाज’ आजही सर्रास केला जातो. कृपया तो करू नका. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असले की त्यांच्या केबलच्या जाळीतून एक वळसा तयार होतो आणि त्यातून ५० हर्ट्झचा भटका प्रवाह वाहतो. हम तेथून येतो. अर्थ तोडल्यावर तो थांबतो खरा, पण आत फेजची तार कधी पत्र्याला टेकली तर त्या २३० व्होल्टला जमिनीत जाण्याची सरळ वाट उरत नाही. मग तो दाब केबलच्या जाळीवरून मिक्सरपर्यंत आणि तेथून माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतो, जिला गायिकेचे ओठ जवळजवळ टेकलेले असतात. योग्य उपाय म्हणजे दोन्ही यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज देणे, बॅलन्स्ड (एकच संदेश दोन तारांवर उलटसुलट नेणारी) एक्सएलआर केबल वापरणे आणि तरीही हम राहिला तर संदेशाच्या मार्गात, तारांचा थेट संबंध तोडून संदेश पुढे देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे.

उष्णतेचा हिशेबही अनपेक्षित आहे. जुन्या पद्धतीचा, क्लास एबी म्हणून ओळखला जाणारा २००० वॅटचा ॲम्प्लिफायर सर्वसाधारण गाणे वाजवताना स्पीकरला सरासरी २५० वॅट देत असेल, तर विजेतून तो ९०० वॅटच्या घरात घेतो आणि उरलेले ६५० वॅट पेटीतच उष्णता होतात. क्लास डी जातीचे ॲम्प्लिफायर दार अर्धवट उघडे ठेवण्याऐवजी ते सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडून पूर्ण मिटतात, म्हणून त्यांची उष्णता बरीच कमी असते, पण पंखा त्यांनाही लागतो. नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीनंतर ॲम्प्लिफायरच्या तोंडावरची स्पंजची जाळी काढून नळाखाली धरली, तर गुलालाचे गर्द गुलाबी पाणी कितीतरी वेळ निघत राहते. तेवढा गुलाल हवेच्या वाटेत बसलेला असतो. जाळी पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक दाब साठून राहतो, म्हणून पेटीचे झाकण उघडणे मात्र तंत्रज्ञावर सोपवावे.

चालू करताना आधी मिक्सर, मग क्रॉसओव्हर आणि सर्वांत शेवटी, नॉब शून्यावर ठेवून, ॲम्प्लिफायर असा क्रम असतो, कारण मिक्सर सुरू होतानाचा धक्का ॲम्प्लिफायरने ४० पट करून स्पीकरवर आदळू नये. अनेक ॲम्प्लिफायर स्विच लावल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहतात आणि मग आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तेवढ्या वेळात संरक्षक सर्किटने बाहेरच्या तारांवर एकदिश दाब नसल्याची खात्री केलेली असते आणि मगच रिले (विजेने चालणारा आतला स्विच) स्पीकरला जोडतो. तो ‘टक्’ आला नाही तर स्विच पुन्हा पुन्हा दाबत बसू नये, आधी स्पीकरच्या तारा तपासाव्यात.

बंद करताना क्रम उलटा. आधी आवाज शून्यावर आणून पंख्याला आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी चार-पाच मिनिटे द्यावीत, मग ॲम्प्लिफायर आणि शेवटी मिक्सर बंद करावा. त्यानंतर बोर्डातून प्रत्येक प्लग काढताना तो क्षणभर मुठीत धरून पाहावा. एखादा प्लग इतरांपेक्षा गरम लागला तर त्याच्या आत स्क्रू बहुधा सैल झालेला असतो, आणि तो प्लग वायरीसकट त्याच रात्री बाजूला काढून ठेवावा.