भातावरचा तपकिरी तुडतुडा कसा ओळखायचा

तपकिरी तुडतुडा म्हणजे निलापर्वता ल्युजेन्स, डेल्फॅसिडी कुळातला रस शोषणारा किडा. १८५४ मध्ये स्तोल या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं. गोव्यात सरद (खरीप हंगाम) असो की वायंगण (रब्बी हंगाम), भातावर उडी मारणारं जे काही दिसेल त्याला सगळे सरसकट तुडतुडा म्हणतात आणि घोटाळा इथेच सुरू होतो, कारण हिरवा तुडतुडा पानावर बसतो आणि टुंग्रो रोग पसरवतो, तपकिरी मात्र बुंध्यात पाण्याच्या जरा वर दाटीने बसतो आणि शेतात गोल गोल करपलेले पट्टे पाडतो, मग वरून पानांवर फवारा मारून त्याला काय होणार?

रंगावर जाऊ नका. आधी मागचा पाय बघा, दहापट भिंग पुरतं. नडगीच्या टोकाला एक मोठा, पानासारखा चपटा, हलणारा काटा असतो, त्याला स्पर म्हणतात, आणि तो दिसला की कूळ डेल्फॅसिडी हे पक्कं. हिरव्या तुडतुड्याला हा स्पर नसतो, त्याच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. दुसरी खूण मिशांची: डेल्फॅसिडीत त्या डोळ्यांच्या खाली गालावर उगवतात, पहिले दोन सांधे जाड आणि पुढे केसासारखा धागा.

आता वंश. मागच्या पावलाचा पहिला लांब सांधा असतो ना, त्याच्या बाजूला एक किंवा जास्त छोटे काटे असले तर निलापर्वता. ही खूण बऱ्याच जणांकडून सुटते, पण माझ्या मते सगळ्यात कामाची हीच, कारण भातावरच सापडणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यात, म्हणजे सोगाटेला फर्सिफेरात, हे काटे नसतात. त्याच्या छातीवर मधोमध फिकट पट्टा असतो आणि नरात त्याच्या दोन्ही बाजू काळ्या. तपकिरीची छाती तपकिरीच, तिच्यावर तीन उभ्या कडा.

पंखांनी फसू नका. एकाच प्रजातीत लांब पंखांचे, पंख धरून साधारण ४ ते ५ मिमीचे, आणि आखूड पंखांचे असे दोन्ही असतात, आखूडवाल्या जाड माद्या तर पिल्लंच वाटतात.

निलापर्वता वंशात भाई-बंद आहेत, बेकेरी आणि म्युइरी, आणि ते बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे नराचं पोटाचं टोक कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली जननेंद्रियाच्या चिमट्यासारख्या भागांचा आकार बघायचा. नुसत्या मादीवरून प्रजातीचं नाव लिहू नये, त्याच चुडात, म्हणजे भाताच्या त्याच रोपांच्या झुपक्यात, नर शोधावा आणि दोघांना ७० टक्के अल्कोहोलमध्ये एकाच बाटलीत ठेवावं.