एका जागेसाठी दोन बोटी : भारतीय रोइंग संघनिवडीची पार्श्वभूमी

मे 2021मध्ये टोकियोच्या सी फॉरेस्ट जलमार्गावर आशिया-ओशनिया विभागाची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. लाइटवेट डबल स्कल प्रकारात, म्हणजे वजनाची मर्यादा असलेल्या दोघांच्या आणि प्रत्येकी दोन वल्ह्यांच्या बोटीत, भारताची पुरुषांची बोट दुसरी आली आणि सिंगल स्कलमध्ये, म्हणजे दोन वल्ह्यांच्या एकट्याच्या बोटीत, भारताचा वल्हेकरी चौथा आला. पहिल्या प्रकारात तीन बोटींना आणि दुसऱ्यात पाच बोटींना ऑलिंपिक प्रवेश होता, म्हणजे पाण्यावर मिळालेल्या निकालानुसार दोन्ही बोटी पात्र होत्या. परंतु या विभागीय स्पर्धेतून एका देशाला पुरुषांची एकच बोट पुढे नेता येत होती. भारतीय रोइंग संघटनेने डबल स्कल निवडली. हा निर्णय समजून घ्यायचा तर भारतात रोइंगचा संघ कसा निवडला जात आला, याकडे थोडे मागे वळून पाहावे लागते.

आधी शब्दाचा एक घोळ दूर करायला हवा. मराठी वृत्तपत्रे रोइंगला ‘नौकानयन’ म्हणतात आणि शिडाच्या बोटींच्या शर्यतींनाही तोच शब्द वापरतात. दोन्ही खेळांच्या संघटना, पाणी आणि निवडीची रीत पूर्णपणे निराळी असल्यामुळे येथे ‘रोइंग’ हाच शब्द वापरला आहे.

कोलकाता, चेन्नई आणि पुणे येथील बोट क्लब एकोणिसाव्या शतकातले आहेत. शर्यती सभासदांमध्ये किंवा क्लबाक्लबांत होत आणि देशाचा संघ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. राष्ट्रीय संघटना 1976मध्ये स्थापन झाली आणि 1982च्या आशियाई स्पर्धेतील शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या. यानंतर खेळाचा कणा हळूहळू क्लबांकडून लष्कराकडे सरकला. त्याचे कारण साधे होते. या खेळात दिवसातून दोनदा पाण्यावर उतरावे लागते, उरलेल्या वेळात व्यायामशाळा आणि रोइंग मशीन असते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. ज्याच्या राहण्या-जेवण्याची आणि पगाराची सोय आहे त्यालाच हे परवडते. पुण्याजवळ दापोडी येथील लष्करी केंद्र म्हणूनच या खेळाचे घर झाले. दुष्काळी चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा एक तरुण लष्करात भरती झाला, तिथेच त्याने पहिल्यांदा वल्हे हाती घेतले आणि 2016मध्ये रिओला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. क्लबांच्या जमान्यात अशा मुलाला पाण्यापर्यंत पोहोचवणारी कोणतीही वाट नव्हती.

मात्र या व्यवस्थेने निवड चाचणीचे स्वरूपही बदलले. संभाव्य खेळाडू एकाच शिबिरात महिनोन्महिने राहत असतील, तर चाचणी एका दिवसाची उरत नाही. प्रशिक्षकाला प्रत्येकाची मशीनवरची 2000 मीटरची वेळ, पाण्यावरची वेळ, दुखापत, झोप, सगळे ठाऊक असते. मशीनवरचा आकडा निर्विवाद असतो, पण बोट कशी चालते हे तो सांगत नाही. जोरकस वल्हेकरी बोटीचा तोल बिघडवत असेल तर त्याची ताकद साथीदारांना जड जाते. यासाठी जगभर सीट रेसिंगची पद्धत वापरली जाते. दोन चौकड्या एक अंतर जोरात वल्हवतात, मग पाण्यातच दोन्ही बोटी एकमेकींना लावून धरल्या जातात, एकेक वल्हेकरी सावकाश पलीकडच्या बोटीत जागा बदलतो आणि तेच अंतर पुन्हा वल्हवले जाते. आधी पहिली बोट दोन सेकंदांनी जिंकली आणि अदलाबदलीनंतर एका सेकंदाने हरली, तर फरक तीन सेकंदांचा पडला आणि तो पहिल्या बोटीतील मूळच्या वल्हेकऱ्याच्या पारड्यात जातो. ही पद्धत कठोर असली तरी प्रामाणिक आहे, कारण निकाल काठावरच्या प्रत्येकाला दिसतो.

अडचण येते ती वेगवेगळ्या प्रकारच्या बोटींची तुलना करताना. टोकियोतील प्रश्न नेमका हाच होता आणि सीट रेसिंग तिथे काही कामाचे नव्हते. सिंगल स्कलची जगातील सर्वोत्तम वेळ साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे, तर लाइटवेट डबलची सहा मिनिटे पाच सेकंदांच्या आसपास. प्रत्येक बोटीची वेळ आपल्या प्रकारातील सर्वोत्तम वेळेच्या किती टक्के जवळ जाते हे पाहून क्रम लावता येतो आणि अनेक देशांत तसा लावतात. पण समोरून वारा असेल तर हळू बोटीला तो जास्त वेळ सोसावा लागतो, त्यामुळे टक्केवारीतही सिंगलवर अन्याय होऊ शकतो.

त्यात ‘लाइटवेट’ हा प्रकार स्वतःच वादाचा होता. तो 1996मध्ये अटलांटा येथे ऑलिंपिकमध्ये आला. पुरुषांसाठी कोणाही एकाचे वजन 72.5 किलोच्या वर जाता कामा नये आणि दोघांची सरासरी 70 असावी, असा नियम होता. म्हणजे एक 71.2 किलोचा असेल तर दुसऱ्याला 68.8 किलोवर यावेच लागे. शर्यतीआधी एक ते दोन तासांच्या दरम्यान काट्यावर उभे राहायचे आणि मग ताकदीने वल्हवायचे. उंच, भारदस्त शरीरांच्या देशांपुढे आशियाई वल्हेकऱ्यांना या प्रकाराने जागा करून दिली, हे निर्विवाद आहे. 2008 आणि 2012मध्ये भारताची लाइटवेट डबल ऑलिंपिकमध्ये होती.

सिंगल स्कलची परंपरा त्याहून सलग होती. 2000मध्ये सिडनीला भारताची दोघांची, प्रत्येकी एका वल्ह्याची बोट गेली होती; त्यानंतर 2004, 2008, 2012 आणि 2016 अशा चारही ऑलिंपिकमध्ये भारताचा सिंगल स्कलर होता. 2021च्या निर्णयाने ही साखळी तुटली. डबलच्या बाजूने बरेच बोलता येते. ती बोट विभागात दुसरी होती, सिंगल चौथी. एका जागेवर दोघांना ऑलिंपिकचा अनुभव मिळणार होता. तरीही सिंगल स्कलरने आपली जागा एकट्याच्या बळावर कमावली होती आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही बोटीत सामावून घेणे शक्य नव्हते. रोइंगमध्ये पात्रता देशाच्या नावावर जमा होते, खेळाडूच्या नाही. नियमाने यात काहीही चूक नाही. पण ज्याने ती मिळवली त्याच्या हातून ती सहकाऱ्यांसाठी सोडवून घ्यायची असेल, तर कोणत्या बोटीला प्राधान्य आणि का, हे शर्यत सुरू होण्याआधी लेखी सांगितलेले असलेच पाहिजे. निकाल हाती आल्यावर ठरवलेला निकष कितीही सदहेतूने ठरवला असला, तरी हरलेल्याला तो निकष वाटत नाही.

त्याच जलमार्गावर जुलैमध्ये डबल स्कल अकरावी आली. भारतीय रोइंगची ती ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी होती. निर्णय योग्य होता याचा पुरावा म्हणून अनेकजण या निकालाकडे बोट दाखवतात, पण सिंगल तिथे उतरलीच नसल्यामुळे तुलनेचा प्रश्न होता तिथेच राहतो. नियमानुसार महिलांची एक बोटही पुढे जाऊ शकत होती आणि ती जागा मात्र रिकामी राहिली; आजवर एकही भारतीय महिला ऑलिंपिक रोइंगमध्ये उतरलेली नाही, आणि माझ्या मते संघनिवडीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

पुढे 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच जोडीने लाइटवेट डबलमध्ये रौप्यपदक मिळवले. 2024मध्ये पॅरिसला भारताचा सिंगल स्कलर गेला आणि तेविसावा आला. पॅरिसनंतर लाइटवेट हा प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला असून 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शर्यतीचे अंतरही 2000ऐवजी 1500 मीटर असेल. सत्तर किलोच्या वल्हेकऱ्यांना आता नव्वद किलोच्या वल्हेकऱ्यांशी एकाच पाण्यात झुंजावे लागेल किंवा किनाऱ्यावरून धावत सुरू होणाऱ्या नव्या समुद्री प्रकाराकडे वळावे लागेल. 2021मध्ये निवडलेली बोट तर आता कार्यक्रमातच नाही.