मँचेस्टरमधले खापरपणजोबांचे दुकान नेमके कुठे होते?

१७७२ साली मँचेस्टरमध्ये एलिझाबेथ रॅफल्ड नावाच्या बाईने गावातल्या व्यापारी-कारागिरांची नावे आणि पत्ते छापून एक छोटे पुस्तक काढले. बाई मूळची एका जमीनदाराच्या वाड्यातली, तिथला सगळा घरकारभार बघणारी. मँचेस्टरला आल्यावर तिने मिठाईचे दुकान थाटले, पाककृतींचे पुस्तक लिहिले, शिवाय घरकामाला माणसे मिळवून देण्याचा धंदा केला. कोण कुठे राहतो आणि काय विकतो, याची माहिती तिच्याकडे आपोआप जमली असणार. या शहराची ही पहिली डिरेक्टरी. आज ज्यांचे पूर्वज मँचेस्टरचे, ते घर किंवा दुकान शोधायला निघाले की सुरुवात बहुधा तिच्या वारसदार पुस्तकांपासून होते.

एकोणिसाव्या शतकात डिरेक्टऱ्या काढायचा हा धंदा पिगट आणि नंतर स्लेटर या प्रकाशकांच्या हातात गेला. नावे आडनावांच्या क्रमाने, मग धंद्यांप्रमाणे, मोठ्या पुस्तकांत रस्त्यांप्रमाणेही. पण पुस्तक खपायचे व्यापाऱ्यांत, म्हणून नावेही त्यांचीच. दिवसभर गिरणीत राबणारा सूतकताई कामगार त्यात सहसा नसतो. त्याच्या विधवेने रस्त्याकडच्या खोलीत चहा, साखर, मेणबत्त्या विकायला मांडल्या, की ‘दुकानदार’ म्हणून ती एका ओळीपुरती उगवते आणि दोन-तीन वर्षांनी नाहीशी होते. १८३० च्या कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही दोन गिनीत (दोन पौंडांहून थोडे जास्त) बिअर विकायचा परवाना मिळू लागला, तेव्हा अशा ओळी भराभर वाढल्या. ‘आमच्या पणजोबांचे मोठे दुकान होते’ ही घराण्यातली आख्यायिका पुष्कळदा अशा एका खोलीपाशी येऊन थांबते. त्यात कमीपणा काही नाही. उलट, त्या खोलीमुळेच त्यांचा पत्ता लागतो.

बाकीच्यांसाठी शिरगणती. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण देशभर प्रत्येकाचे नाव नोंदलेली आणि आज हाती असलेली पहिली १८४१ ची. तिच्यात घराचा क्रमांक बहुधा नसतोच, नुसते रस्त्याचे नाव. आणि पंधरा वर्षांवरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, म्हणजे एकोणचाळीसचा माणूस कागदावर पस्तिशीचा. १८५१ पासून माहिती भरघोस झाली, तर मँचेस्टर आणि ओल्डहॅम भागातल्या त्या वर्षीच्या काही वह्या पाण्याने भिजल्या. त्यांतली पुसट नावे स्थानिक कुटुंब-इतिहास मंडळाच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे बसून वाचून काढली.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. वहीच्या पहिल्या रकान्यातला आकडा हा घराचा क्रमांक नसून गणकाने घरोघरी वाटलेल्या माहितीच्या तक्त्याचा क्रमांक असतो. तो घराचा समजून कित्येकांनी भलत्याच दारासमोर उभे राहून फोटो काढले आहेत.

वर्षांकडेही बघावे लागते. ७ एप्रिल १८६१ च्या रात्रीची शिरगणती झाली आणि पाचच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या अमेरिकी कापसावर चालत. तो आटला, कामगार घरी बसले. इकडे मुंबईच्या कापूसवाल्यांना मात्र त्याच तुटवड्याने सोन्याचे दिवस दाखवले. १८६१ ला ज्या घरात कुटुंब होते तिथे १८७१ ला दुसरेच बिऱ्हाड दिसले, तर मधल्या युद्धाच्या चार वर्षांची आठवण ठेवलेली बरी.

दोन शिरगणत्यांमधली पोकळी भरून काढतात घरपट्टीच्या वह्या. त्यांत मालक वेगळा, राहणारा वेगळा, आणि जागा घर आहे, दुकान आहे की तळघर, तेही लिहिलेले. कर वसूल करणाऱ्याइतकी बारकाईने नोंद दुसरे कोण ठेवणार!

पत्ता हाती आला तरी जागा सापडत नाही, याचे कारण शहराची वाढ. १८०१ च्या सुमाराला पाऊण लाखाच्या आसपास असलेली वस्ती १८५१ ला तीन लाखांवर गेली. मिळेल त्या जागेत पाठीला पाठ लावून घरे उठली, आत बोळ, बोळात चौक. १८४७ च्या कायद्याने घरांना क्रमांक देण्याची सोय केली, पण मधल्या मोकळ्या जागी इमारत आली की क्रमांक पुन्हा बदलले. १८८५ ला हारपरहे, रशोम, ब्रॅडफर्ड ही गावे शहरात आली, तेव्हा एकाच नावाचे अनेक रस्ते एका शहरात झाले आणि पुष्कळांची नावे बदलली.

म्हणून जाणकार क्रमांकाच्या मागे लागत नाहीत, कोपरा शोधतात. रस्त्यांप्रमाणे लावलेल्या डिरेक्टरीत कुठला आडरस्ता कुठे येऊन मिळतो तेही मधेमधे छापलेले असते. कोपऱ्यावरची दारूची गुत्ती दशकानुदशके त्याच जागी, बहुधा त्याच नावाने टिकत. गुत्त्यापासून पणजोबांचे दुकान चौथे, एवढे कळले की नकाशा उघडायचा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याने १८४० च्या दशकात मोजणी करून मैलाला पाच फूट या प्रमाणात शहराचे नकाशे काढले. एकेक घर, अंगण त्यात स्वतंत्र दिसते. १८५१ च्या अ‍ॅडशेडच्या चोवीस पानी रंगीत नकाशात गिरण्या, गोदामे, घरे वेगळ्या रंगांत आहेत. १८८६ पासून विमा कंपन्यांसाठी चार्ल्स गोड याने काढलेले नकाशे तर मजले किती आणि बांधकाम कशाचे हेही सांगतात, मात्र ते गजबजलेल्या व्यापारी भागापुरतेच. राहत्या गल्ल्यांत आगीचा विमा उतरवतो कोण?

आणि कधीकधी एवढे करून जी जागा सापडते ती अशी असते: लिटल आयर्लंड, मेडलॉक नदीच्या वळणातली आयरिश मजुरांची वस्ती. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिले, आणि १८४९ ला तिच्यातून रेल्वे गेली. जुना नकाशा नव्यावर ठेवला की त्या परिसरात आज ऑक्सफर्ड रोड स्थानक दिसते.