परक्या पानावरचा पोटभाडेकरू

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, कोथरूडच्या आमच्या ऑफिसात एका मंडळाच्या काकांचा फोन आला. त्यांच्या साइटवर आम्ही केलेलं पंचांगाचं छोटं विजेट होतं, आजची तिथी दाखवणारं. "अहो, 'भाद्रपद शद्ध प्रतिपदा' काय लिहिलंय? पुण्यातलेच ना तुम्ही?" उघडून पाहिलं तर खरंच उकार छाटला गेला होता. शिवाय अक्षराअक्षरात फट पडून शिरोरेषेचे तुकडे झाले होते. आमच्या चाचणीच्या पानावर सगळं व्यवस्थित. 'शुद्ध' हाच शब्द अशुद्ध, तोही पुण्यात!

हा घोळ कुठून आला ते कळायला थोडं मागे जावं लागतं. दुसऱ्याच्या साइटवर बसणाऱ्या विजेटांसाठी आज जे नियम सांगितले जातात, त्यातले बहुतेक असाच कुणाचा तरी फोन आल्यावर तयार झालेले आहेत.

नव्वदच्या दशकातलं विजेट म्हणजे 'आपण अमुकावे पाहुणे' असं सांगणारा आकड्यांचा काउंटर. तो नुसतं चित्र असायचा. चित्राला यजमान पानात, म्हणजे ते ज्यावर बसलंय त्या पानात, काही उचकपाचक करता येत नाही, त्यामुळे भांडणंही नव्हती. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारे प्रोग्राम लिहायची भाषा, आली आणि विजेट नावाचा पाहुणा घरात वावरू लागला. ब्राउझरचा नियम असा की एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचा डेटा वाचता येत नाही, पण दुसरीकडून आणलेली स्क्रिप्ट मात्र यजमानाच्याच अधिकाराने चालते. म्हणजे एक ओळ चिकटवली की घराच्या किल्ल्या दिल्या. गूगलच्या ॲडसेन्सच्या जाहिराती २००३ पासून आणि नकाशे २००५ पासून याच वाटेने लाखो पानांवर पोचले.

तेव्हाची रीत होती डॉक्युमेंट.राइट, म्हणजे स्क्रिप्टने थेट पानात मजकूर लिहायची आज्ञा. स्क्रिप्ट येईपर्यंत ब्राउझर खालचं पान मांडायचं थांबवायचा. पाहुण्याचा सर्व्हर झोपला की यजमानाचं पानही पांढरं. तीच आज्ञा पान पूर्ण लोड झाल्यावर चालवली तर अख्खं पानच पुसलं जायचं. डिसेंबर २००९ मध्ये साइटवरचे वाचक मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सने कुणाला न अडवता मागून लोड होणारा कोडचा तुकडा दिला आणि मग ती पद्धत सर्रास झाली.

दुसरी वाट आयफ्रेमची, म्हणजे पानातच दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीची. पानं लिहायच्या भाषेच्या १९९७ च्या आवृत्तीत, एचटीएमएल ४ मध्ये, तिला अधिकृत जागा मिळाली. वाड्यातल्या पोटभाडेकरूला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र कडी दिल्यासारखी ही सोय. यूट्यूब सुरुवातीला फ्लॅशचा (व्हिडिओ चालवायला ब्राउझरला जोडायच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरचा) कोड द्यायचं, ते जुलै २०१० मध्ये आयफ्रेमवर आलं. या बदलाचं महत्त्व मला फार वाटतं. खोलीच्या आत फ्लॅश ठेवायचं की नव्या पद्धतीचा व्हिडिओ, हे आता यूट्यूब ठरवणार होतं. बाहेरच्या कोडला हात लावायची गरज नाही. कारण लोकांनी एकदा चिकटवलेला कोड कुणी कधीच बदलत नाही. मंडळाची साइट ज्या मुलाने केली तो केव्हाच बंगळुरूला गेलेला असतो आणि पासवर्ड त्याच्या जुन्या मेलमध्ये असतो. म्हणून जाणते लोक बाहेर बाकीचा कोड आणणारा एवढासा लोडर देतात, तो ब्राउझरच्या कॅशमध्ये (साठवलेल्या प्रतींत) फार काळ राहू देत नाहीत, आणि खरा ऐवज आवृत्ती-क्रमांक लावलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवतात. चिकटवलेल्या ओळीतली चूक मात्र जन्माला पुरते.

आयफ्रेमची अडचण उंचीची. आतला मजकूर वाढला तरी चौकट वाढत नाही. आत-बाहेर निरोप पोचवायला लोक पूर्वी पत्त्याच्या शेवटी हॅश (#) लावून त्यात चिठ्ठ्या कोंबायचे. पुढे पोस्टमेसेज ही निरोपांचीच सोय ब्राउझरमध्ये आली आणि ते खेळ संपले. मात्र निरोप कुणाकडून आला हे न तपासता दार उघडणारा कोड मी आजही पाहतो.

देवनागरीचं दुखणं तर वेगळंच. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेले समान क्रमांक, रुळण्याआधी मराठी साइट आपापले फॉन्ट वापरायच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. अशा पानावर विजेट ठेवलं की त्यातल्या इंग्रजी शब्दांची भलतीच बाराखडी व्हायची. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे, भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान आहे, आणि तरीही हे.

आमच्या 'शद्ध'कडे येतो. आम्ही शॅडो डॉम, म्हणजे पानातच विजेटला भिंत घालून देणारी सोय, वापरला होता. यजमानाचे सीएसएस नियम (पान कसं दिसावं ते ठरवणारे) त्यात शिरत नाहीत, म्हणून निर्धास्त होतो. पण वारशाने येणारे गुण ती भिंत ओलांडतात: रंग, फॉन्ट, ओळीची उंची, अक्षरांमधलं अंतर. मंडळाच्या साइटवर इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून कुणीतरी बॉडीलाच, म्हणजे अख्ख्या पानाला, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलं होतं आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) एकवर आणली होती. रोमन लिपीला ते चालतं. आपली शिरोरेषा पहिल्याने तुटली आणि दुसऱ्याने ओळ इतकी बुटकी झाली की उकाराला जागाच उरली नाही. लांब तिथीपुढे तीन टिंबं यावीत म्हणून आम्हीच ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते छाटा) लावलं होतं, त्याने तो उकार कापला. म्हणजे निम्मा दोष आमचा. विजेटच्या मुळाशी 'ऑल: इनिशियल' लिहून वारसा तोडला, फॉन्ट आणि लाइन-हाइट स्वतःची दिली, आणि काकांना फोन केला.

किल्ल्यांची गोष्ट त्याहून गंभीर. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'ब्राउझअलाउड' या पान वाचून दाखवणाऱ्या विजेटची फाइल कुणीतरी बदलली आणि चार हजारांवर साइट, त्यात ब्रिटनच्या सरकारी साइटही, वाचकांच्या संगणकावर आभासी चलन खणू लागल्या. फाइलचा ठसा, म्हणजे ती बदलली तर लगेच ओळखू येईल अशी खूण, टॅगमध्येच (चिकटवायच्या ओळीतच) लिहून ठेवायची सोय तेव्हा होती, फारसं कुणी वापरत नव्हतं. २०२४ मध्ये जुन्या ब्राउझरांना नसलेल्या सोयी पुरवणाऱ्या सेवेचं पॉलिफिल.आयओ हे डोमेनच (साइटचा पत्ताच) विकलं गेलं आणि लाखाच्या वर साइटना नव्या मालकाचा कोड गेला. तिथे ठसाही कामाचा नव्हता, कारण ती सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल द्यायची.

कुकीचा, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचा, हिशोब अजून चालूच आहे. सफारीने मार्च २०२० मध्ये परक्या साइटच्या कुकी पूर्ण बंद केल्या. गूगलने क्रोममधून त्या काढण्याचा बेत वर्षानुवर्षं पुढे ढकलला आणि २०२४ मध्ये सोडून दिला. आमच्या पंचांगाची जुनी आवृत्ती आयफ्रेममध्ये होती आणि वाचकाने निवडलेलं गाव कुकीत ठेवायची, म्हणजे सूर्योदय पुण्याचा दाखवायचा की सोलापूरचा ते कळे. आयफोनवर ती दर वेळी गाव विसरू लागली. आता मंडळच टॅगमध्ये 'पुणे' असं लिहून देतं.