क्रॉसओव्हर : मोटारीतील ध्वनियोजना

संगीताचा विद्युत संकेत कंप्रतेनुसार वेगळा करून प्रत्येक स्पीकरला त्याला झेपेल तेवढाच भाग पुरवणारा फिल्टर म्हणजे क्रॉसओव्हर. मोटारीत साधारणपणे डिकीत सर्वांत खालच्या सुरांचा सबवूफर, पुढच्या दारात त्यावरच्या आणि मधल्या सुरांचा साडेसहा इंची मिडबास वूफर आणि आरशाच्या कोपऱ्यात किंवा काचेच्या खांबावर वरच्या सुरांचा ट्विटर अशी मांडणी असते. माणसाला ऐकू येणारा पल्ला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झचा आहे आणि स्पीकरचा एकच पडदा तो सगळा नीट वाजवू शकत नाही, म्हणून ही वाटणी. दुकानात ‘ऐंशीला कट मार’, म्हणजे ८० हर्ट्झवर वाटणी कर, असे सहज म्हटले जाते. कट मारणे सोपेच असते. वेगवेगळ्या जागी बसलेल्या स्पीकरांतून निघालेले तुकडे ऐकणाऱ्याच्या कानापाशी पुन्हा एक होणे अवघड. त्यामुळे दोन स्पीकरांच्या वाट्यांमधला सांधा कुठे येणार हे स्पीकर विकत घेण्याच्या आधी, कागदावरच ठरवावे लागते.

ढोल घ्या. एका तोंडावर हाताची थाप पडते, दुसऱ्यावर टिपरू. थापेचा घुमारा सबवूफर आणि दारातला वूफर मिळून उचलतात, टिपरूचा कडकडाट वरच्या स्पीकरांकडे जातो. ढोल एक, पण गाडीत तो तीन ठिकाणांहून वाजतो. तिन्ही तुकडे योग्य प्रमाणात आणि एकाच क्षणी पोहोचले तर बॉनेटवर ढोल उभा असल्यासारखा वाटतो. नाहीतर मागे धमधम आणि पुढे टकटक.

वाटणीची गरज पडद्याच्या हालचालीतून येते. आवाज तेवढाच ठेवून कंप्रता निम्मी केली की पडद्याला चौपट पुढेमागे जावे लागते. १६० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणारा पडदा ८० हर्ट्झला ४ आणि ४० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलायला हवा. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला इतकी धाव नसते. तो आधी फाटल्यासारखा वाजतो आणि त्याच वेळी गाणाऱ्याचा आवाजही थरथरवतो, कारण दोन्ही कामे एकाच पडद्यावर चालू असतात. खालचा भाग काढून घेतला की तोच स्पीकर मोकळा होतो. ट्विटरची कॉइल तर बारीक तारेची असते, खालचे सूर आणि त्यांच्यासोबत येणारी जास्तीची शक्ती तिला जाळते. ट्विटरच्या स्वतःच्या अनुनाद कंप्रतेच्या (ज्या कंप्रतेला तो आपोआप सर्वाधिक थरथरतो तिच्या) किमान दुप्पट वर त्याचा कट ठेवावा, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे.

वरच्या बाजूला अडचण वेगळी. तरंगलांबी पडद्याच्या व्यासाएवढी झाली की आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. साडेसहा इंची स्पीकरच्या पडद्याचा कामाचा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे ही वेळ साधारण २,६०० हर्ट्झला येते. दारातला झोत सरळ गेला तर तो पायांवर आदळतो. म्हणून दोन स्पीकरांच्या, म्हणजे टू-वे मांडणीत ट्विटरने २,५०० ते ३,५०० हर्ट्झच्या आसपास सूत्रे हाती घ्यावी लागतात.

सप्तक आणि उतार

फिल्टर सुरीसारखा कापत नाही. तो उतार देतो. हा उतार ‘दर ऑक्टेव्हला इतके डेसिबल’ असा सांगतात. ऑक्टेव्ह म्हणजे आपले सप्तक : कंप्रता दुप्पट झाली की एक सप्तक चढले. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७, मंद्र षड्ज ६९. पहिल्या श्रेणीच्या फिल्टरचा उतार सप्तकामागे ६ डेसिबल, दुसऱ्याचा १२, तिसऱ्याचा १८, चौथ्याचा २४. दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा, १२ डेसिबल उताराचा हायपास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर लावला, तर ४० हर्ट्झ सुमारे १२ डेसिबलने खाली जाते, पण वर सांगितलेला मंद्र षड्ज जेमतेम साडेचार डेसिबलने उतरतो. याचा अर्थ तो स्वर दारातूनही येतो आणि डिकीतूनही. सांधा म्हणतात तो हाच पट्टा. उतार जितका तीव्र तितका तो अरुंद.

उताराबरोबर फेज, म्हणजे लहरीचा आवर्तनातला टप्पा फिरतो, आणि योजना बिघडते ती बहुधा इथे. पहिल्या श्रेणीत हायपास आणि वरचे सूर अडवणारा लोपास यांच्यात ९० अंशांचे अंतर पडते, दुसऱ्या श्रेणीत १८०, म्हणजे एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि सांध्यावर खड्डा पडतो. १२ डेसिबलच्या संचात ट्विटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडतात त्या यासाठी. चौथ्या श्रेणीत ३६० अंश पूर्ण होतात आणि दोघे पुन्हा एका दिशेने हलतात.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेला फिल्टर ठरवलेल्या कंप्रतेवर ३ डेसिबल खाली असतो. असे दोन भाग फेज जुळवून एकत्र केले तर सांध्यावर ३ डेसिबलचा उंचवटा येतो. ह्यूलेट-पॅकार्डमधील अभियंते सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी यावर उत्तर काढले. लिंकविट्झ यांच्या १९७६ च्या निबंधातून प्रसिद्ध झालेल्या या रचनेत दोन सारखे बटरवर्थ फिल्टर एकापुढे एक लावतात. दोन्ही बाजू सांध्यावर ६ डेसिबल खाली, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर येतात आणि दोन निम्मे मिळून बरोबर एक होतो. गाडीसाठी २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली ही पहिली निवड असावी, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. तो ट्विटरला सांभाळतो, सांधा अरुंद ठेवतो आणि फेजचा हिशेब सोपा करतो.

पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह

कंपोनंट सेटसोबत, म्हणजे वूफर आणि ट्विटर वेगवेगळे असलेल्या संचासोबत येणारी छोटी डबी म्हणजे पॅसिव्ह क्रॉसओव्हर. ती अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते आणि आत कपॅसिटर व तांब्याच्या कॉइल असतात. कपॅसिटर खालचे सूर अडवतो, कॉइल वरचे. मोटारीतले स्पीकर बहुधा ४ ओहमचे. अशा ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडला की ४,००० हर्ट्झला कट मिळतो. त्याच कपॅसिटरवर ८ ओहमचा ट्विटर लावला तर कट २,००० हर्ट्झवर, पूर्ण एक सप्तक खाली घसरतो. एका सेटची डबी आणि दुसऱ्या सेटचा ट्विटर असा जुगाड केल्यावर ट्विटर का जातो, हे या एका आकड्यात दिसते.

सबवूफरच्या पट्ट्यात पॅसिव्ह मार्ग परवडत नाही. ४ ओहमला ८० हर्ट्झचा साधा ६ डेसिबलचा लोपास करायलाही सुमारे ८ मिलिहेन्रीची कॉइल लागते. ती जड, महाग आणि स्वतःच्या रोधात शक्ती खाणारी. त्यामुळे खालचा सांधा जवळजवळ नेहमी अ‍ॅक्टिव्ह असतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, स्टिरिओत, अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात किंवा डीएसपीत (संकेतावर अंकीय प्रक्रिया करणाऱ्या उपकरणात) होतो.

स्टिरिओत ८० चा हायपास आणि अ‍ॅम्पवरही ८० चा हायपास, अशी दुहेरी कापणी फार ठिकाणी आढळते. दोन उतारांची बेरीज होते आणि दारातला आवाज पातळ पडतो. दोन्ही फिल्टर १२ डेसिबलचे बटरवर्थ असतील आणि नेमके एकाच आकड्यावर असतील, तर योगायोगाने २४ चा लिंकविट्झ-रायली तयार होतो. पण अ‍ॅम्पच्या बटणावर टोकांचे ५० आणि २५० एवढेच छापलेले असते, मधला आकडा अंदाजाचा. म्हणून एका ठिकाणचा फिल्टर ठेवावा आणि दुसरीकडचे बटण ‘फुल’वर न्यावे.

बटण कुठे आहे हे मल्टिमीटर सांगतो. स्पीकरच्या तारा सोडवून ८० हर्ट्झचा स्थिर सूर लावायचा, फिल्टर बंद ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटवर आवाज वाढवत १० व्होल्ट एसी आणायचे. मग फिल्टर चालू करून पेचकसाने बटण हळूहळू फिरवायचे. मीटर ७.०७ दाखवतो तिथे बटरवर्थचा कट बरोबर ८० वर आला. लिंकविट्झ-रायली असेल तर आकडा ५ हवा. पेचकस केसभर हलला तरी मीटरवरचे आकडे भराभर उतरतात, आणि नुसत्या नजरेने लावलेले बटण किती चुकलेले असू शकते ते तेव्हा कळते.

गाडीची खोली

घरच्या स्पीकरमध्ये ट्विटर आणि वूफर एकाच पेटीत, हातभर अंतराच्या आत असतात. गाडीत वूफर गुडघ्यापाशी आणि ट्विटर काचेपाशी. ३,००० हर्ट्झची तरंगलांबी अवघी ११.४ सेंटिमीटर, ट्विटर कानाला ३० सेंटिमीटर जवळ असेल तर त्याचा आवाज ०.८७ मिलिसेकंद आधी, म्हणजे अडीच आवर्तनांहून अधिक पुढे येतो. शिवाय कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो तो २,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये. टू-वेचा सांधा नेमका तिथेच पडतो, आणि गायिकेचा स्वर खालून, तर ‘स’ आणि ‘श’ वरून ऐकू येतात. यावर दोन उपाय आहेत : ट्विटर शक्य तितका वूफरच्या जवळ आणणे, किंवा तीन इंची मिडरेंज घेऊन थ्री-वे करणे. थ्री-वेत खांबावरचा मिडरेंज साधारण ३५० ते ४,५०० हर्ट्झ सांभाळतो आणि आवाजाचा गाभा एकाच तोंडातून निघतो. खर्च आणि अ‍ॅम्पचे चॅनल, म्हणजे स्वतंत्र आउटपुट वाढतात, पण गाणे ऐकणाऱ्याने पैसा खर्चायचाच तर आणखी एका सबवूफरवर खर्चण्याऐवजी इथे खर्चावा.

खालच्या टोकाला गाडी मदत करते. आतली लांबी २.८ मीटर धरली तर सुमारे ६१ हर्ट्झखाली बंद केबिनमध्ये हवेचा दाब एकसंध वरखाली होऊ लागतो आणि बास आपोआप वाढतो. आदर्श स्थितीत सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत, प्रत्यक्षात पत्रा आणि फटींमुळे कमी. म्हणूनच दारांना ८० चा हायपास आणि सबला ६३ चा लोपास, असे मधे अंतर सोडलेले आकडे गाडीत अनेकदा सरळ वाजतात. दोन्ही बटणे एकाच आकड्यावर असलीच पाहिजेत असे नाही. सबला ८० च्या बराच वर नेला की मात्र बास डिकीतून येतो आहे हे कळू लागते. पार्सल ट्रे किंवा नंबरप्लेट खडखडत असेल तर ते ६३ वरही कळते. तिथे फिल्टरपेक्षा पत्र्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट उपयोगी पडते.

योजना आखताना चॅनलची मोजणी आधी येते. पॅसिव्ह कंपोनंट सेट आणि एक सब चार चॅनलच्या एकाच अ‍ॅम्पवर बसतात : दोन चॅनल पुढच्या दारांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून सबला. पूर्ण अ‍ॅक्टिव्ह टू-वेला दोन ट्विटर, दोन वूफर आणि सब मिळून पाच लागतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये ट्विटरपुढे डबी नसते, डीएसपीत एक आकडा चुकला तरी तो जाऊ शकतो. त्यासाठी ४ ओहमच्या ट्विटरला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर ठेवतात. त्याचा कट सुमारे ८५० हर्ट्झवर असल्याने ३,००० च्या सांध्याला तो फारसा धक्का लावत नाही.

शेवटची तपासणी कानाने होते. फक्त सब आणि दारांचे वूफर चालू ठेवून ८० हर्ट्झचा सूर लावायचा, चालकाच्या खुर्चीतून ऐकायचे आणि सबच्या तारा उलट करून पुन्हा ऐकायचे. ज्या जोडणीत बास भरीव लागतो ती खरी. मग तंबोरा लावावा. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झची, पण जवारीमुळे तिचे स्वरांश कितीतरी सप्तके वर चढत जातात आणि वाटेत दोन्ही सांधे ओलांडतात. सांधा फाटलेला असेल तर तार छेडल्यावर उलगडणारा तो गुंजारव मध्येच दारातून उडी मारून काचेवर जातो. ही सगळी मोजमापे खुर्ची रोज जिथे असते तिथेच ठेवून घेतात. ती चार बोटे मागे सरकली तरी अंतरे बदलतात, आणि आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे उजव्या दाराच्या स्पीकरचा हिशेब आधी बिघडतो.